दंडातला उंदीर

परवा माझी भाची सुट्टीत राहायला आली होती. इयत्ता पाचवी, पण प्रश्न बारावीचे. माझ्या कॉम्प्युटरचा माऊस तिनं उचलला, उलटा केला, त्याचं पोट तपासलं आणि म्हणाली, "मावशी, याला माऊस का म्हणतात गं? याला शेपूट तर नाहीच!"

"होतं," मी म्हटलं. "हल्लीच गळून पडलं."

खरंच होतं. पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची आणि बनवणारे त्यांचे सहकारी बिल इंग्लिश. हा माऊस चक्क लाकडी होता! ठोकळ्यासारखी पेटी, पोटाखाली दोन चाकं, एक उभी चाल मोजणारं, एक आडवी. वर एकुलतं एक बटण आणि एका टोकाला लोंबणारी वायर. पेटंटच्या कागदावर त्याचं नाव होतं 'एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर फॉर अ डिस्प्ले सिस्टीम'. आता "जरा तो एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर दे रे इकडे" असं दिवसातून दहा वेळा कोण म्हणणार? वायरची शेपटी पाहून प्रयोगशाळेतले सगळे त्याला माऊस म्हणायला लागले. सर्वांत आधी कोण म्हणालं, ते पुढे खुद्द एंगेलबार्टनाही सांगता येईना. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी हजारभर लोकांपुढे तो चालवून दाखवला आणि तेव्हाही माऊसच म्हटलं. वायर गेली, शेपूट गेलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

हे यंत्र देशोदेशी पोचल्यावर तिथल्या लोकांनी त्याचं सरळ भाषांतर करून टाकलं. स्पेनमधली मुलं 'रातोन' हलवतात, फिनलंडमधली 'हीरी'. फ्रान्समधली मुलं तर हातात 'सूरी' धरतात! घाबरू नका, फ्रेंचमध्ये सूरी म्हणजे उंदीर. आपण मात्र "उंदीर डावीकडे ने" असं काही म्हणत नाही. आपण म्हणतो माऊस. इंग्रजी शब्द, परका पाहुणा.

पण हा पाहुणा खरंच परका आहे का?

आता गणपतीच्या मूर्तीपाशी या. बाप्पाच्या पायाशी कोण बसलंय? मूषक. संस्कृतात उंदराला 'मूष्' असंही म्हणत. आता जगभर एक फेरी मारू. इराणमध्ये उंदीर म्हणजे 'मूश'. रशियात 'मिश'. जुन्या रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'मूस'. आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधला माणूस उंदराला काय म्हणायचा? माऊस नव्हे, 'मूस'!

मूष्, मूश, मिश, मूस. एकाच घरातली भावंडं वाटतात ना? आहेतच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी १७८६ साली कोलकात्यात एका भाषणात मांडलं. पुढे अभ्यासकांनी शब्दाला शब्द लावून ते नातं पक्कं केलं. त्या फार जुन्या मूळ भाषेतला उंदीर तिच्या लेकी-नातींबरोबर वेगवेगळ्या देशांत गेला. म्हणजे टेबलावरचा माऊस आणि बाप्पाचा मूषक हे लांबचे चुलतभाऊ. (आपला 'उंदीर' या कुटुंबातला नाही हं. तो संस्कृतातल्या 'उन्दुरु' या दुसऱ्याच शब्दावरून आला.) संस्कृत पंडित मूषक शब्दाचं नातं 'मुष्' या धातूशी जोडतात. मुष् म्हणजे चोरणे. स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या पिशवीला भोक पडलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला हे लगेच पटेल.

मग मूसचं माऊस कसं झालं? साधारण सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज लोकांच्या तोंडातले लांब स्वर सरकायला लागले. लांब 'ऊ' होता तिथं हळूहळू 'आऊ' आला. पूर्वी घराला ते 'हूस' म्हणायचे, त्याचं 'हाऊस' झालं. तसंच मूसचं माऊस.

आणि एक उंदीर माऊस, तर अनेक उंदीर 'माइस' का? सरळ 'माऊसेस' का नाही? याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणा. आता चंबू तसाच ठेवा आणि आतल्या आत जिभेनं 'ई' म्हणायचा प्रयत्न करा. एक चमत्कारिक आवाज येईल, ना ऊ ना ई. घरातले लोक बघायला आले, तर अभ्यास चाललाय म्हणून सांगा. फार फार पूर्वी या शब्दाचं अनेकवचन करताना मागे 'इझ' लागायचं, 'मूसिझ'. पुढे 'इ' म्हणायचाय हे जिभेला ठाऊक असल्यामुळे ती 'ऊ' म्हणतानाच पुढे सरकायची आणि तोच चमत्कारिक आवाज निघायचा. कालांतराने मागचा 'इझ' गळून पडला, चमत्कारिक आवाजाची 'ई' झाली आणि 'मीस' उरलं. मग स्वर सरकले तेव्हा 'ई'चं झालं 'आइ', आणि मीसचं झालं माइस. इंग्रजीतल्या उवांचंही असंच झालंय, एक 'लाऊस', अनेक 'लाइस'. शाळेत हे अपवाद म्हणून घोकायला लावतात. माझ्या मते ही गोष्ट सांगितली असती, तर घोकायची वेळच आली नसती.

आता मला सर्वांत आवडणारा उंदीर. तो तुमच्या अंगात आहे.

बाही वर करा. मूठ आवळा आणि हात कोपरात वाकवा. दंडावर टरारून काय आलं? पुन्हा हात सरळ करा, पुन्हा वाकवा. गोधडीखाली शिरलेला उंदीर इकडून तिकडे पळावा, तसं कातडीखाली काहीतरी पळतंय ना? रोमन लोकांना अगदी हेच वाटलं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मुस्कुलुस', म्हणजे छोटासा उंदीर. त्याचंच इंग्रजीत झालं 'मसल', स्नायू. मसल लिहिताना मध्ये एक न बोलणारा 'सी' येतो आणि श्रुतलेखनात मार्क खातो, तो लॅटिनमधल्या याच उंदराचा!

ग्रीकांनी तर छोटा-मोठा असाही फरक केला नाही. त्यांच्या भाषेत उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द. डॉक्टर हृदयाच्या स्नायूला 'मायोकार्डियम' म्हणतात, त्यातला 'मायो' तिथून आलाय. रशियनमध्ये उंदीर 'मिश' आणि स्नायू 'मिश्त्सा'. डच लोक तळहातावरच्या, अंगठ्याखालच्या गुबगुबीत उंचवट्याला 'उंदीर' म्हणतात. म्हणजे नेदरलँड्समधली मुलं हाताचा उंदीर टेकवून टेबलावरचा उंदीर चालवतात!

रोमन लोकांचं एवढ्यावर भागलं नाही. समुद्रातला एक काळसर शिंपलाही त्यांना उंदरासारखाच दिसला, म्हणून त्याचंही नाव मुस्कुलुस. इंग्रजीत तोही मसलच, फक्त स्पेलिंग वेगळं. गोव्यात याच प्रकारच्या शिंपल्यांना शिनाणे म्हणतात आणि रवा लावून तळून खातात. आणि कार्ल लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांची शास्त्रीय नावं लिहिली, तेव्हा घरातल्या साध्या उंदराला नाव दिलं 'मुस मुस्कुलुस'. म्हणजे 'उंदीर छोटा-उंदीर'. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला दुसरं काही सुचू नये!

एक तोतया उंदीरही आहे. इंग्रजीत 'टिटमाऊस' नावाचा चिमणीपेक्षा लहान पक्षी आहे. त्याचा उंदराशी काडीचाही संबंध नाही. एका जुन्या पक्षीवाचक शब्दाचा अर्थ लोक विसरले आणि ऐकायला जवळचा म्हणून त्याचा माऊस करून बसले. अनेकवचनही थाटात 'टिटमाइस'.

आणि आमच्याकडचा एक उंदीर थेट इंग्रजीत जाऊन बसला. आपण जिला घूस म्हणतो, तिला इंग्रजीत 'बँडिकूट' म्हणतात. हा शब्द तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून गेला, त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. घूस पाहिली असेल, तर नाव अचूक आहे हे मान्य कराल. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यालाही इंग्रजांनी हेच नाव दिलं.

हे सगळं ऐकून भाचीनं बाही वर केली, दंड फुगवला आणि म्हणाली, "पण मावशी, आजी याला उंदीर नाही म्हणत. ती म्हणते, बेटकुळी काढून दाखव."

मी गप्पच झाले. पन्नास वर्षं हा शब्द ऐकत आलेय, पण कधी उकलून पाहिला नव्हता. बेटकुळी, बेडकुळी म्हणजे बेडकाचं पिल्लू! रोमन माणसाला दंडात उंदीर पळताना दिसला आणि आपल्या पावसाळी मुलखातल्या माणसाला टुणकन उडी मारणारी बेडकी. खरं सांगू? मला आपली बेडकी जास्त पटते.

तुमच्या गावात दंडावरच्या या फुगवट्याला काय म्हणतात? बेटकुळी, बेडकी, की आणखी काही? आजी-आजोबांना विचारा, दंड फुगवून खात्री करून घ्या आणि आम्हाला पत्र लिहून कळवा.