निष्ठेची पत आणि पुढाऱ्याचे देणे

लोकप्रिय पुढारी आणि त्याचे निष्ठावंत अनुयायी यांच्या नात्याकडे पाहताना आपला सुशिक्षित वर्ग सहसा नाक मुरडतो. भोळी जनता भाषणाला भुलते, घोषणेमागे धावते आणि पुढाऱ्याने पक्ष बदलला तरी त्याची पालखी वाहते, असे त्याचे निदान असते. हे निदान सोयीचे आहे. म्हणूनच ते तपासून घ्यावयास हवे. विदर्भापुरते बोलावयाचे तर त्यासाठी जांबुवंतराव धोटे यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

धोटे १९६२ साली यवतमाळमधून विधानसभेत गेले. १९६४ साली अध्यक्षांच्या दिशेने वस्तू भिरकावल्याच्या प्रकरणी सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले; मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून सभागृहात पाठविले. १९७१ साली देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने वेगळ्या विदर्भाचा झेंडा घेतलेल्या या फॉरवर्ड ब्लॉकच्या उमेदवारास लोकसभेत धाडले. १९८० साली त्याच नागपूरने त्यांना इंदिरा काँग्रेसच्या उमेदवारीवर विजयी केले. पक्ष बदलला, जुने विरोधक सहकारी झाले. ‘विदर्भवीर’ ही लोकांनी दिलेली पदवी मात्र टिकली.

याला भोळेपणा म्हणण्यापूर्वी एक हिशेब पाहावा. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूस राहिली आणि १९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात आला. प्रादेशिक असमतोलाची मोजदाद करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीचा अहवाल १९८४ साली आला. समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. अर्थतज्ज्ञांनी आकड्यांत मांडलेली ही तूट धोट्यांच्या सभेला जमणाऱ्या माणसाने त्यापूर्वीच अनुभवली होती. ती चारचौघांत ठणकावून सांगणारा माणूस त्याला आपला वाटला, यात नवल ते काय?

परंतु अन्यायाची जाणीव हे निष्ठेचे एकच मूळ झाले. दुसरे मूळ रोजच्या जगण्यात आहे आणि ते पोंभुर्ण्यासारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्यात स्पष्ट दिसते. येथे धानाची शेती, तेंदूपानाचा हंगाम, बांबूचे काम आणि मजुरी यांवर वर्ष काढावे लागते. प्रत्येक ठिकाणी सरकारी कागदाशी गाठ पडते. वनहक्काचेच पाहा. २००६ च्या कायद्यानुसार गैरआदिवासी दावेदारास तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या घरात पावसाळ्यात धान्य कोरडे ठेवण्याची मारामार, तेथे आजोबांच्या काळचा कागद कोठून निघावा? अशा वेळी साहेबांना फोन करणारा कार्यकर्ता, तहसिलीत वजन असलेला पुढारी आणि त्याचे शिफारसपत्र हीच गरिबाची पत असते. बँक तारणावर कर्ज देते; पुढारी निष्ठेच्या तारणावर काम करून देतो. ज्याच्यापाशी दुसरे तारणच नाही, त्याची निष्ठा हा विचारपूर्वक केलेला व्यवहार असतो.

हा व्यवहार आंधळा नसतो, हेही निवडणुकांनी दाखविले आहे. १९९५ पासून विधानसभेत सातत्याने निवडून येणारे सुधीर मुनगंटीवार २०२४ च्या जूनमध्ये चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात अडीच लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पोंभुर्णा ज्यात मोडते त्या बल्लारपूर विधानसभा मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. कोणत्या कामासाठी कोणाला कोठे पाठवावे, याचा विचार मतदार करतो.

मग दोष कोठे आहे? अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले, की एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: ती सोडून जाणे किंवा आत राहून आवाज उठविणे. निष्ठा सोडून जाणे लांबणीवर टाकते आणि आवाजाला अवसर देते. हेच तिचे मोल. व्यक्तिनिष्ठ राजकारणात मात्र आवाज एकाच बाजूने येतो. पुढारी बोलतो, अनुयायी ऐकतो. त्याला पुढाऱ्यास जाब विचारता येईल अशी सभा नसते, ठराव नसतो, नोंदवही नसते. धोट्यांनी पक्ष बदलला तेव्हा अनुयायांना जयजयकार करता आला किंवा घरी बसता आले. तिसरा मार्ग नव्हता. २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली, पण मतपेटीतील जुने बळ परतले नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या नावाबद्दलचा जिव्हाळा उरला. वेगळे राज्य झाले नाही.

याच जंगलपट्ट्यात दुसरे उदाहरणही आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तेथेही देवाजी तोफांसारखे नेतृत्व होते. परंतु निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत होतात, अशी त्या गावाची रीत आहे. गावकऱ्यांचा विश्वास ग्रामसभेत साठला. नेता उद्या नसला तरी हक्काचा कागद गावाच्या नावाने राहील.

लोकनेत्याची कसोटी येथेच लागते. त्याच्या सभेला किती माणसे जमतात यापेक्षा, त्याच्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला पुढल्या वर्षी पुन्हा यावे लागते की नाही, हे पाहावयास हवे.

हा प्रश्न केवळ पुढाऱ्यांचा नाही. आपल्यापैकी अनेकजण ज्या टेबलांमागे बसतात, तेथूनच हे अर्ज जातात. नियमाने आठ दिवसांत व्हावयाचे काम आठ महिने अडते आणि एका फोनसरशी होते, तेव्हा त्या माणसाला आपण स्वतःच पुढाऱ्याच्या दाराशी पोचवीत असतो. शिक्षकाने ग्रामसभेचा ठराव लिहावयास शिकविले, कारकुनाने दाव्यातील त्रुटी लेखी कळविली, विद्यार्थ्याने बापाचा अर्ज स्वतः भरला, तरी या निष्ठेतील लाचारी पुष्कळ कमी होईल. मग जी निष्ठा उरेल ती पुढाऱ्याला प्रश्न विचारू शकेल, आणि खऱ्या लोकनेत्याला तिचेच भूषण वाटावयास हवे.