ग्रंथपालाची नवी विद्या

खेड्यातील वाचनालयात जाऊन एखादे पुस्तक मागितले, तर तेथील ग्रंथपाल बहुधा कोणतीही वही न उघडता उठतो आणि कपाटाच्या खालच्या फळीवरून नेमके तेच पुस्तक काढून आपल्या हाती ठेवतो. त्याच्या स्मरणशक्तीचे आपण कौतुक करतो, व ते योग्यच आहे. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, ज्या संस्थेचे सारे ज्ञान एका मनुष्याच्या मस्तकात साठविलेले असते, ती संस्था फार कच्च्या पायावर उभी असते. तो मनुष्य आजारी पडला, निवृत्त झाला अथवा कालवश झाला, म्हणजे पुस्तके जागच्या जागी असूनही वाचकाच्या दृष्टीने ती हरवल्यासारखीच होतात. हे ज्ञान सर्वांस उपलब्ध व्हावे म्हणून आता संगणक आणि इंटरनेट यांची साधने खेड्यापर्यंत आली आहेत. ती काय आहेत, आणि ती शिकताना ग्रंथपालास कोणत्या अडचणी येतात, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पलूस परिसरास हा विषय विशेष जवळचा आहे. पलूसनजीकच्या किर्लोस्करवाडीची स्थापना लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली केली. त्या वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. पुढे तेच नुसत्या ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर गाजले. १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीस आली. जे वाङ्मय आपल्या उंबरठ्याशी छापले गेले, त्याचे जुने अंक जवळपासच्या कोणत्या कपाटात आहेत, हे आपणांस सांगता येऊ नये, ही गोष्ट भूषणावह नव्हे. दुसरे कारण कृष्णामाईचे. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात भिलवडी, ब्रह्मनाळ इत्यादी नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, आणि सांगली येथील जुन्या नगर वाचनालयातील सहस्रावधी ग्रंथ भिजून नष्ट झाले. पुरात पुस्तक बुडते, ही एक हानी होय. परंतु त्याबरोबर दाखल नोंदवहीही बुडाली, म्हणजे काय बुडाले हेच सांगता येत नाही. मग ते पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न तरी कसा करावा?

ग्रंथांचा ठाव राखण्याचे उपाय पूर्वीपासून चालत आलेले आहेत. आलेल्या प्रत्येक पुस्तकास दाखल क्रमांक देणे, विषयानुसार त्याचे वर्गीकरण करणे, आणि ग्रंथकार, शीर्षक व विषय यांची तालिकापत्रे लिहून ती खणांत अनुक्रमाने लावणे, हे ते उपाय होत. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणाच्या पद्धतीत आज मराठी वाङ्मयास ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे १ लिहिला की काव्य, २ लिहिला की नाटक आणि ३ लिहिला की कथा-कादंबरी असा बोध होतो. आपले थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली या शास्त्राचे पाच नियम प्रतिपादन केले. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे त्यांतील एका नियमाचे तात्पर्य आहे. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा हिंदुस्थानातील पहिला कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. परंतु एका पुस्तकासाठी तीन-तीन पत्रे लिहिण्यास लागणारा वेळ आणि माणसे खेड्यातील वाचनालयांपाशी क्वचितच असतात. शिवाय तालिका एकाच खोलीत असते. ती पाहावयाची तर तेथवर जावे लागते, आणि ती खोली बुडाली की तालिकाही बुडते.

संगणकावरील ग्रंथालयप्रणाली या दोन्ही अडचणी दूर करते. पुस्तकाची नोंद एकदाच करावयाची. मग ग्रंथकार, शीर्षक, विषय, प्रकाशक यांपैकी कोणत्याही वाटेने तेथे पोहोचता येते. देवघेवीची नोंदही तेथेच होत असल्यामुळे पुस्तक कपाटात आहे की कोणा सभासदाकडे गेले आहे, हे तत्काळ कळते. अशा प्रणालींपैकी ‘कोहा’ हिची जन्मकथा बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयसंस्थेची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच निकामी होईल, अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा त्या संस्थेने १९९९ साली नवी प्रणाली तयार करवून घेतली, आणि ती स्वतःपुरती न ठेवता साऱ्या जगास विनामूल्य खुली केली. ‘कोहा’ हा माओरी शब्द असून आपल्याकडील आहेराप्रमाणे, परतफेडीची जाणीव ठेवून दिलेली भेट असा त्याचा आशय आहे. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ नावाची प्रणाली तयार केली असून तिच्या नव्या आवृत्तीत नोंदी दूरच्या केंद्रातील संगणकांवर साठविल्या जातात. अर्थात गावात पाणी शिरले तरी नोंदींस धक्का लागत नाही.

नोंद करण्याची रीत ठरलेली असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम या विदुषीच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकात ‘मार्क’ नावाचा आराखडा तयार झाला. त्यात प्रत्येक माहितीस एक अंक नेमून दिलेला आहे: १०० या अंकापुढे ग्रंथकार, २४५ पुढे शीर्षक, ६५० पुढे विषय, याप्रमाणे. हे अंक पाहून नवखा मनुष्य प्रथम बिचकतो. परंतु जुन्या तालिकापत्रावरील ओळींचीच ही नावे आहेत हे ध्यानी आले, म्हणजे भीती उरत नाही. अलीकडील पुस्तकांवर आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक छापलेला असतो. तो पूर्वी दहा अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. हा क्रमांक घातला असता पुष्कळदा इतर ग्रंथालयांनी केलेली तयार नोंद मिळते. त्यातील शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. तेरा अंकांस डावीकडून आळीपाळीने १ व ३ यांनी गुणून बेरीज केली, तर तिला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. न गेल्यास कोठे तरी अंक चुकला आहे असे समजावे. विद्यार्थ्यांनी आपल्याजवळील एखाद्या पुस्तकावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

जुन्या मराठी पुस्तकांवर मात्र असा क्रमांक नसतो. त्यांची नोंद ग्रंथपालास स्वहस्ते करावी लागते, आणि खरी कसोटी तेथेच लागते. पहिली अडचण लिपीची. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक ज्या संगणकावर नसेल, तेथे मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. ‘युनिकोड’ या जागतिक संकेताने देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र अंक दिल्यामुळे ही आपत्ती टळली. यास्तव नोंद युनिकोडमध्येच करावी, आणि जुन्या टंकांत केलेल्या याद्या असल्यास त्या प्रथम रूपांतरित करून घ्याव्या. तरीही सावधगिरी हवी. ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील ‘ऱ्या’ हे अक्षर दोन रीतींनी टंकित करता येते. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. संगणकास मात्र ती भिन्न वाटू शकतात. ग्रंथालयात सर्वांनी एकच रीत पाळणे, हा त्यावर सोपा उपाय होय.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळून पडले. हरि नारायण आपटे यांची सुप्रसिद्ध कादंबरी जुन्या आवृत्तीत ‘पण लक्षांत कोण घेतो’ अशी छापलेली आढळते. आजचा विद्यार्थी ‘लक्षात’ असे लिहून तिचा शोध करतो. ग्रंथपालास या दोहोंचे ऐक्य ठाऊक असते; संगणकास ते सांगावे लागते. त्यासाठी मूळ शीर्षक पुस्तकावर आहे तसेच ठेवून, प्रचलित रूप २४६ या अंकापुढे पर्यायी शीर्षक म्हणून लिहावे. मूळ लेखन ‘सुधारणे’ योग्य नव्हे. कारण त्या आवृत्तीची ओळख त्यातच असते.

तिसरी अडचण नावांची. कृष्णाकाठच्या औदुंबरचे कवी सुधांशु यांचे खरे नाव हणमंत नरहर जोशी. त्यांचे नाव कोणी ‘सुधांशु’ लिहितो, कोणी ‘सुधांशू’, तर कोणी ‘ह. न. जोशी’. आपल्याच जिल्ह्यातील ग. दि. माडगूळकर हे कोठे ‘गजानन दिगंबर’ होतात, तर कोठे ‘गदिमा’. या रूपांची एकमेकांशी सांगड न घातल्यास संगणक एका कवीचे तीन कवी करील आणि त्याची पुस्तके तीन ठिकाणी विखरून टाकील. म्हणून प्रणालीत एक रूप प्रमाण मानून इतर रूपे त्यास जोडण्याची सोय असते. कोणती रूपे एकाच व्यक्तीची आहेत, हा निर्णय मात्र वाङ्मय जाणणाऱ्या मनुष्यासच करावा लागतो. यावरून असे ध्यानात येईल की, नवी साधने आल्याने जुन्या ग्रंथपालाची विद्या निरुपयोगी होत नाही. उलट तिच्यावाचून ही साधने आंधळी आहेत. जो वृद्ध सेवक कळफलकावर बोट ठेवण्यास कचरतो, त्याच्यापाशीच संगणकास हवे असलेले ज्ञान असते.

ग्रंथपालाचे कार्य स्वतःच्या कपाटांपाशीच संपत नाही. वाई येथे तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचावयास मिळतो. १८५७ साली दुसऱ्या आवृत्तीने प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने सर्वांस खुला केला आहे. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ टंकित रूपात मिळतात. वाचनालयात जे पुस्तक नाही, ते अशा ठिकाणी शोधून देणे, हेही आता ग्रंथपालाचे काम झाले आहे. आपले दुर्मिळ ग्रंथ छायारूपाने जगापुढे ठेवावयाचे असल्यास स्वामित्वहक्काचा कायदा पाहणे अवश्य आहे. ग्रंथकाराच्या निधनवर्षानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले; म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. कवी सुधांशु २००६ साली निवर्तले. त्यांच्या लेखनावरील हक्क अद्याप चालू आहे.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. संगणक आला म्हणून दाखल नोंदवही बंद करू नये. वीज जाते, यंत्र बिघडते, आणि अशा वेळी वहीच उपयोगी पडते. नोंदींची एक प्रत दर आठवड्यास अन्यत्र, शक्य तर दुसऱ्या गावी, ठेवावी. प्रणालीचा पासवर्ड एकाच व्यक्तीजवळ असू नये. तसे झाल्यास एका मस्तकातील ज्ञान एका कुलपात गेले, एवढाच फरक पडेल. तसेच कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले, ही त्याची खाजगी बाब आहे. ती आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक परक्यांच्या दृष्टीस पडू नये.

ही विद्या एका दिवसात येत नाही, परंतु ती कठीणही नाही. सर्व ग्रंथसंग्रह एकदम हाती घेतल्यास उत्साह लवकर मावळतो. प्रथम एका कपाटातील पुस्तके घ्यावी. दररोज दहा नोंदी कराव्या. आठवड्याच्या अखेरीस त्या शोधून पाहाव्या आणि जी सापडणार नाही, ती का सापडली नाही याचा विचार करावा. दररोज दहा या मानाने तीनशे दिवसांत तीन हजार पुस्तकांची नोंद होते. आरंभ करताना गावचे व परिसराचे वाङ्मय प्रथम घ्यावे. गाजलेली कादंबरी दुसऱ्या शंभर ठिकाणी मिळेल; परंतु गावच्या यात्रेची स्मरणिका, स्थानिक कवीचा पातळ संग्रह, किंवा बंद पडलेल्या मासिकाचा सुटा अंक कदाचित आपल्याच कपाटात उरलेला असेल.

या कार्यात विद्यार्थी पुष्कळ साह्य करू शकतात. सुट्टीत गावच्या वाचनालयात जावे. आपण कळफलकावर बसावे आणि ग्रंथपालास शेजारी बसवून त्यांस विचारावे: काका, हे लेखक कोण? या पुस्तकाचे दुसरे नाव काय? हा अंक कोठून आला? ते सांगतील ते लिहून घ्यावे. त्यांस यंत्राचा परिचय होईल, आणि आपणांस ग्रंथांचा होईल. ज्या प्रश्नांची उत्तरे आज एकाच मनुष्याजवळ आहेत, ती विचारून घेण्यास उद्याची वाट पाहू नये, एवढीच विद्यार्थिबंधुभगिनींस विनंती आहे.