दुपारी एकला अंगावर राहील ते जॅकेट

मे महिन्यात भर दुपारी ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याने गेलात तर मेट्रोच्या खांबांपाशी कामाला लागलेली माणसं दिसतील आणि त्यांची पिवळी-केशरी जॅकेटं शेजारच्या बॅरिकेडवर लटकलेली दिसतील. सकाळी आठला ती अंगावर होती. दहाच्या सुमारास पुढचा वेल्क्रो उघडला, अकराला जॅकेट कमरेला बांधलं गेलं, बारा वाजता बॅरिकेडवर गेलं. आणि गाड्या तर दुपारी एकलाही धावतातच. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. चालकाला माणूस दोन सेकंद उशिरा दिसला, तर तेवढ्यात ट्रक तीसेक मीटर पुढे आलेला असतो.

रस्त्यांच्या कामांवर सुरक्षेचं साहित्य निवडणं हे माझं काम. बॅरिकेडवरची जॅकेटं दिसली की साइटवर पहिला शब्द निघतो तो बेशिस्तीचा, आणि मग दंडाचा. मला हे पटत नाही. घामाने निथळणाऱ्या माणसाला दुपारी एक वाजता जे अंगावर ठेवता येत नाही, ते जॅकेट निवडणाऱ्याचंच चुकलेलं असतं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा उकाडा खाडीच्या काठचा आहे. विदर्भातलं ऊन आकड्यांनी मोठं, पण तिथे मे महिन्यात घाम सुकतो. इथे तो ओघळतो. शरीर गार होतं ते घाम सुकण्याने; एक लिटर घाम पुरता सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, नुसता ओघळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीवर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमाला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. तिथे कुणी घमेली उचलत नव्हतं. माणसं उघड्यावर बसलेली होती. आता त्याच हवेत फावडं मारणाऱ्या माणसाच्या शर्टावर न श्वास घेणाऱ्या पॉलिएस्टरचा आणखी एक थर चढवा.

हा थरावर थर चढवण्याचा रिवाज थंड देशातला आहे. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ग्लासगोमध्ये रुळांवरच्या कामगारांना चमकती केशरी जॅकेटं देऊन पाहिली, तिथून ही कल्पना पसरली. ग्लासगोच्या गारठ्यात अंगावर आणखी एक कपडा कुणाला जड होणार नाही. आपण रंग घेतला, पट्टी घेतली आणि थरही तसाच घेतला.

त्यामुळे माझी पहिली पसंती जॅकेटला नाहीच. चमकत्या रंगाच्या बारीक विणीच्या कापडाचा, पट्ट्या लावलेला शर्ट किंवा टी-शर्टच गणवेश म्हणून द्यावा. एकच थर, आणि तो काढून ठेवायचा प्रश्नच नाही. पूर्ण बाह्यांचा असला तर हातांचं ऊनही वाचतं. ठेकेदार खर्चाचं कारण सांगतात. पण न घातलेल्या जॅकेटचे पैसे तर पूर्णच बुडालेले असतात.

जॅकेटच द्यायचं असेल तर जाळीचं द्यावं, मात्र जाळी पारखून. बाजारात मोठ्या भोकांची जाळी स्वस्त मिळते. वारा छान लागतो, पण भोकांतून आतला मळकट निळा शर्ट दिसत राहतो आणि लांबून पिवळा रंग विझून जातो. चमकता रंग उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या रंगात परत टाकतो, म्हणून तो दिवसा आणि कातरवेळी इतका उठून दिसतो. त्याला कापडाचं क्षेत्रफळ लागतं. आयएसओ २०४७१ या मानकात मधल्या, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या कपड्याला चमकतं कापड किमान अर्धा चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी ०.१३ चौरस मीटर लागते. पाठीवर कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह हातभर छापलं की हे गणित तिथेच बिघडतं. नाव छातीवर लहान अक्षरांत छापा, पाठ मोकळी सोडा.

रात्री रंग कामाला येत नाही, तेव्हा पट्टी बोलते. साइटवर सगळे तिला रेडियमची पट्टी म्हणतात. खरं तर तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्लॅस्टिकचे बारीक लोलक असतात, जे हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून गाडीवाल्याला पट्टी लखलखीत दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्याला करडी. दुकानात ही जॅकेटं एक इंची आणि दोन इंची पट्टीची मिळतात. एक इंची घेऊच नका. मानकात पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर आहे. पट्टी पोटाभोवती सलग फिरलेली हवी, म्हणजे माणूस आडवा उभा असला तरी दिसतो, आणि खांद्यांवरून पाठीवर उतरलेली हवी, म्हणजे वाकल्यावरही दिसतो. पारखायची रीत सोपी आहे. अंधारात दहा पावलांवर जॅकेट टांगा, मोबाइलची बॅटरी लावून फोन डोळ्यालगत धरा आणि बघा. कुठली पट्टी पेटते आणि कुठली नुसती राखाडी राहते, ते लगेच कळतं. हीच परीक्षा जुन्या जॅकेटांचीही घ्यावी. दगडावर ब्रशने घासून धुतलेल्या, सिमेंटच्या पाण्याने माखलेल्या पट्टीतले मणी कधीच निखळलेले असतात. जॅकेट उलटं करून, ब्रश न लावता हाताने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं, हे मुकादमाने एकदा तरी सांगायला हवं.

सगळ्यात कमी विचार झाडलोट करणाऱ्या बायकांचा होतो. डोंबिवलीत पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालणारं मावशींचं काम बघा. जॅकेट पुरुषांच्या मापाचं, साडीवर चढवलेलं. पदर खोचला तरी पाठीवरून येतो आणि खांद्याची पट्टी झाकतो. ऊन चढल्यावर तोच पदर डोक्यावर घेतला की पाठीचा निम्मा रंग गेला. शिवाय झाडूवर वाकलेल्या बाईची पाठ आकाशाकडे असते, मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला दिसतात ते पाय. हलणाऱ्या घोट्यांवर आणि मनगटांवर पट्ट्या असल्या तर चालकाला हा माणूस आहे हे लवकर ओळखू येतं. मावशींना गुडघ्यापर्यंतचा, बाजूने उघडणारा सैल सुती मिश्रणाचा कोट हवा, खालच्या काठाला पट्टी आणि सोबत चमकता डोक्याचा रुमाल. एका मावशींनी मला खिसा मागितला होता, पाण्याची बाटली मावेल एवढा. त्या मागणीत मला मानकांतल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त शहाणपण दिसलं.

हल्ली गार ठेवणाऱ्या जॅकेटांची जाहिरात फार होते. पाण्यात भिजवून घालायची जॅकेटं कोरड्या हवेत उपयोगी; आपल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, अंगावर ओलं ओझं मात्र राहतं. गार पिशव्यांची जॅकेटं खरंच थंडावा देतात, पण त्या पिशव्या काही तासांत कोमट होतात आणि पुन्हा गोठवायला साइटवर फ्रिज लागतो. त्या पैशांत ताडपत्रीची सावली, गार पाणी आणि बारा ते चार जड काम बंद ठेवण्याची सोय होते.

वेल्डिंग आणि गॅस कटिंगवाल्यांना साधं पॉलिएस्टर कधीच देऊ नये. ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं. पावसाळ्यात जॅकेटवर काळा रेनकोट चढला की जॅकेट असून नसल्यासारखं, म्हणून पट्टी रेनकोटवर हवी.

रेल्वेच्या रुळांवरचं काम आणखी वेगळं. कल्याणहून नाशिकमार्गे पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर, लासलगावजवळ, १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे टॉवर वॅगनखाली, म्हणजे विजेच्या तारांच्या देखभालीच्या गाडीखाली, चार ट्रॅकमन मरण पावले. अशा जागी फडफडणारं, न सुटणारं जॅकेट स्वतःच धोका असतं. ते अंगाबरोबर बसणारं आणि अडकलं तर वेल्क्रोवर झटकन सुटणारं हवं. पण जॅकेट कितीही चांगलं असलं तरी लोकल शे-दीडशे मीटरमध्ये थांबत नाही. तिथे माणूस वाचतो तो शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या लुकआउट मॅनमुळे आणि वेळेवर मिळालेल्या ब्लॉकमुळे, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवल्यामुळे. जॅकेट त्यांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी नाही.

महापालिकेत, ठेकेदाराकडे, कारखान्यात किंवा तुमच्या सोसायटीत जॅकेटांच्या ऑर्डरवर सही करणारे तुम्ही असाल, तर एवढं करा. तीन-चार नमुने आणा आणि सगळ्यात जास्त उन्हात उभं राहणाऱ्या कामगाराला एकेक आठवडा घालू द्या. दुपारी एक वाजता जाऊन कुठलं अंगावर आहे ते बघा, आणि तेच मागवा.