टीम हरायला लागली की कोच बदलायचा का? बीडच्या संजय बांगरांवरून एक हिशोब

एपिसोड अर्ध्यात आला की ज्यांचं नेट दगा देतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना आकडे जरा पटापट गेले, इथं ते निवांत बघता येतील.

आयपीएल सुरू झाली, आपली टीम चार-पाच मॅच हरली, की सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: कॅप्टन बदला राव. त्यानं भागलं नाही तर कोचला हाकला. याचं कारण सोपं आहे. अकरा जणांना एकदम काढता येत नाही, एकाला काढता येतं. अमेरिकेत बेसबॉलमध्ये तर हे नेहमीचंच. तिथं मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात, आणि टीम फारच हरायला लागली की सीझन चालू असतानाच मॅनेजरला घरी पाठवतात. माझा आजचा प्रश्न एवढाच की यानं टीम खरंच सुधारते का? उदाहरण लांबचं कशाला, आपल्या बीडचंच घेऊ.

संजय बांगर यांचा जन्म बीडचा, १९७२ सालचा. आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. बीड म्हटलं की ऊसतोड, दुष्काळ नाहीतर राजकारण. अलीकडं सचिन धसनं २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकप सेमीफायनलला ९६ धावा काढल्या तेव्हा कुठं क्रिकेटसाठी बीडचं नाव टीव्हीवर आलं. पण त्याच्या कितीतरी आधी, २००२ मध्ये इंग्लंडला हेडिंग्लेच्या टेस्टमध्ये बांगर यांनी ओपनिंगला येऊन ६८ धावा काढल्या होत्या, २३६ बॉल खेळून. ती मॅच भारतानं एक डाव आणि ४६ धावांनी जिंकली. आपल्याला आज त्यांच्या बॅटिंगपेक्षा कोचिंगचा रेकॉर्ड बघायचाय, कारण 'कोच बदला' या प्रश्नाच्या जवळपास सगळ्या तऱ्हा या एका माणसाच्या वाट्याला आल्यात.

२०१४ ला ते किंग्ज इलेव्हन पंजाबचे कोच होते, कॅप्टन जॉर्ज बेली. १४ पैकी ११ मॅच जिंकल्या, टेबलमध्ये एक नंबर, थेट फायनल. सीझनची सुरुवात युएईत झाली होती आणि तिथं ग्लेन मॅक्सवेलनं ९५, ८९, ९५ अशी लाइन लावली होती. फायनलला साहानं नाबाद ११५ केले तरी कोलकाता जिंकलं, ते जाऊद्या. त्या वर्षी कोणीही म्हणालं असतं, काय कोच आहे!

२०१५ ला कोच तेच, कॅप्टन बेलीच, टीम बहुतेक तीच. १४ पैकी ३ जिंकल्या. शेवटचा नंबर.

आता मी कोडवाला माणूस. आमच्याकडं एखादी सिस्टीम काल नीट चालत होती आणि आज पडली, तर पहिला प्रश्न असतो: मधल्या काळात काय बदललं? जो कोड बदललाच नाही, त्याच्यावर आधी संशय घेत नाहीत. पंजाबच्या बाबतीत कोच आणि कॅप्टन हा न बदललेला भाग होता. बदलला होता मॅक्सवेलचा फॉर्म, बदलले होते कोणाकोणाचे चांगले-वाईट दिवस. म्हणजे २०१४ चं सगळं श्रेय बांगर यांना देता येत नाही आणि २०१५ चा सगळा दोषही त्यांच्या माथी मारता येत नाही.

इथं नशिबाचा हिशोब मांडू. एक टीम घ्या, ना चांगली ना वाईट, प्रत्येक मॅचला जिंकण्याची शक्यता अर्धी-अर्धी. १४ मॅच म्हणजे १४ वेळा नाणं उडवायचं. ४ किंवा त्याहून कमी विजय येण्याची शक्यता किती? जवळजवळ ९ टक्के. थोडी वाटते ना? पण लीगमध्ये टीम १० आहेत. सगळ्या अगदी बरोबरीच्या असत्या, तरी साधारण दर सीझनला एखादी टीम ४ किंवा कमी मॅच जिंकून तळाला गेलीच असती. कोचची चूक नाही, प्लेयरची चूक नाही, नुसतं नाणं. आणि त्या टीमचा कोच टीव्हीवर मान खाली घालून बसलेला दिसला असता. (पंजाबचे ११ आणि ३ हे दोन्ही निकाल मात्र नुसत्या नाण्यानं पटण्यासारखे नाहीत, प्रत्येकाची शक्यता ३ टक्क्यांच्या आतबाहेर येते. म्हणून वर फॉर्मबद्दल बोललो.)

याच्यापुढची गोष्ट जास्त फसवी आहे. नाण्याचे सहा टॉस वाईट पडले, म्हणून पुढचे टॉसपण वाईटच पडतील असं नसतं. पुढचे नेहमीसारखेच पडणार, म्हणजे मागच्यापेक्षा बरे. संख्याशास्त्रात याला सरासरीकडं परतणं म्हणतात. आता विचार करा, कोच किंवा कॅप्टन कधी बदलतात? टीम सगळ्यात खाली असते तेव्हा. म्हणजे ती तशीही थोडी वर येणारच असते. आणि वर आली की आपण म्हणतो, बघा, बदललं आणि फरक पडला! ताप उतरायच्या दिवशी जो अंगारा लावला त्याला श्रेय, तसलं.

२०१६ ला पंजाबनं हेच केलं. कोच बांगरच, पण नवा कॅप्टन डेव्हिड मिलर सहापैकी एकच मॅच जिंकला, म्हणून सीझनच्या मध्यात मुरली विजयला कॅप्टन केलं. विजयच्या पहिल्याच मॅचला अक्षर पटेलची हॅटट्रिक आणि पंजाब जिंकलं. झालं, सगळीकडं नव्या कॅप्टनचं कौतुक. पुढं काय? विजयच्या आठ मॅचमध्ये तीन विजय. एकूण चार, आणि परत शेवटचा नंबर.

दुसऱ्या टीमांचं बघा. २०२१ ला हैदराबादनं सहापैकी एक विजय म्हणून वॉर्नरला काढून विल्यमसनला आणलं, पुढच्या आठमध्ये दोन विजय, शेवटचा नंबर. (तोच वॉर्नर त्याच वर्षी टी-ट्वेंटी वर्ल्डकपचा प्लेयर ऑफ द टूर्नामेंट ठरला.) २०२२ ला चेन्नईत जडेजाच्या आठ मॅचमध्ये दोन विजय, मग कॅप्टन्सी परत धोनीकडं. खुद्द धोनी! सहामध्ये दोन विजय, टीम नववी. पुढच्या वर्षी तोच धोनी, आणि चेन्नई चॅम्पियन.

नेदरलँड्समध्ये बास टेर वील नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हे नीट तपासलंय. तिथल्या फुटबॉल लीगचे १९८६ ते २००४ चे निकाल घेतले. ज्या क्लबनी घसरण लागल्यावर मॅनेजर हाकलले, त्यांची तुलना तशीच घसरण लागूनही मॅनेजर न बदललेल्या क्लबशी केली. दोन्हीकडं टीम साधारण सारख्याच सावरल्या. मला यात आवडलं ते तुलना करणं. नुसतं 'बदलल्यावर सुधारलं' एवढं सांगून चालत नाही, न बदलता काय झालं असतं तेही बघावं लागतं.

आता बांगर यांच्याबाबतीत मला खरंच खटकलेली गोष्ट. २०१९ चा वर्ल्डकप, मँचेस्टर, न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल. २४० करायचे होते, आपले पहिले तिघं एकेका धावेवर गेले, ३ बाद ५. जडेजा ७७, धोनी ५०, तरी १८ धावांनी हरलो. बांगर तेव्हा भारताचे बॅटिंग कोच. ऑगस्टमध्ये सपोर्ट स्टाफची नवी निवड झाली. हेड कोच शास्त्री राहिले, बोलिंगचे भरत अरुण राहिले, फिल्डिंगचे श्रीधर राहिले. बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले.

बीडचे म्हणून बाजू घेतोय असं वाटेल. घेतोय थोडी. पण चार नंबरला कोण खेळणार हा प्रश्न वर्ल्डकपच्या आधीपासून सुटत नव्हता, आणि टीम निवडतात सिलेक्टर, बॅटिंग कोच नाही. दुसऱ्या बाजूनं म्हणता येईल की मधल्या फळीकडून काम करून घेणं हे बॅटिंग कोचचंच काम आहे, पाच वर्षं झाली होती, नवा माणूस आणला तर बिघडलं काय? हे मला पटतं. पाच वर्षांच्या कामावरून बदल केला तर तो रीतसर निर्णय. माझी हरकत एवढीच की लोकांच्या डोक्यात तो निर्णय त्या अर्ध्या तासाला चिकटला. तीन चांगल्या बॉलवर तीन मोठे बॅट्समन जातात, आणि माणसाच्या पाच वर्षांचा निकाल लागतो.

शेवटचं प्रकरण बंगळुरूचं, आणि हे मी सगळ्यांना सांगत सुटलोय. २०२३ ला आरसीबीचे हेड कोच बांगर. १४ मध्ये ७ विजय, सहावा नंबर, प्लेऑफ हुकला. बांगर आणि माइक हेसन दोघांचाही करार पुढं वाढवला नाही. अँडी फ्लॉवर आले. २०२४ ला किती विजय? १४ मध्ये ७! तेवढेच. पण त्या वर्षी १४ पॉइंटवर चार टीम अडकल्या, आरसीबीचा रनरेट बरा होता, म्हणून चौथा नंबर आणि प्लेऑफ. टेबलमधला नंबर बघितला तर 'कोच बदलला, फायदा झाला'. विजय मोजले तर काहीच हललं नाही.

त्याच सीझनमधली दुसरी गंमत बघा. पहिल्या आठ मॅचनंतर आरसीबीचा एकच विजय होता. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लोकांनी फ्लॉवर आणि डू प्लेसी दोघांनाही घरी पाठवलं होतं. मॅनेजमेंटनं दोघांनाही ठेवलं. पुढच्या सहाच्या सहा मॅच जिंकल्या. समजा नवव्या मॅचला नवा कॅप्टन आणला असता, तर आज त्याच्यावर पुस्तकं निघाली असती. फ्लॉवर टिकले. मग मोठा लिलाव झाला, टीम नव्यानं बांधली, रजत पाटीदार कॅप्टन झाला आणि ३ जून २०२५ ला आरसीबीनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली.

मग कधीच बदलायचं नाही का? तसं नाही. २०१३ चं मुंबई इंडियन्स आठवा. कॅप्टन रिकी पॉन्टिंग, सहा मॅचमध्ये ५२ धावा. तो स्वतःहून बाजूला झाला, रोहित शर्मा कॅप्टन झाला, आणि त्याच वर्षी मुंबईनं पहिली ट्रॉफी उचलली. इथं बदल नुसता नावाचा नव्हता. आयपीएलमध्ये चारच परदेशी खेळाडू खेळवता येतात. धावा न करणारा परदेशी कॅप्टन म्हणजे त्यातली एक जागा अडलेली. तो बसला की ती जागा मोकळी. याला आमच्याकडं बग सापडणं म्हणतात. काय बिघडलंय हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

आणि माझ्या सगळ्या थिअरीला न जुमानणारं उदाहरणपण सांगतो, लपवायचं कशाला. बेसबॉलची फिलाडेल्फिया फिलीज, २०२२. २२ विजय, २९ पराभव, तेव्हा मॅनेजर जो जिरार्डीला काढलं. त्याचाच सहकारी रॉब थॉमसन आला आणि उरलेल्या सीझनमध्ये ६५ विजय, ४६ पराभव. टीम थेट वर्ल्ड सिरीजला. मध्ये दोन महिने त्यांचा स्टार ब्राइस हार्पर अंगठा मोडून बाहेर होता, तरीही. एवढ्या १११ मॅच नुसत्या नाण्यावर टाकणं मला जमणार नाही. कधीकधी ड्रेसिंग रूममधलं वातावरण खरंच बिघडलेलं असतं आणि माणूस बदलला की पोरं मोकळी खेळतात. फक्त ते बाहेरून, स्कोअरकार्डवरून कळत नाही. आत बसणाऱ्यांनाच कळतं.

केजकडच्या एका ऐकणाऱ्या दादांचा मेसेज होता, त्याच्यावरूनच हा एपिसोड केला. त्यांची गावची टेनिस बॉलची टीम, पोरांनी वर्गणी काढून एंट्री फी भरायची, आणि सलग चार टूर्नामेंट पहिल्याच राउंडला बाहेर. आता पोरं म्हणायलीत, कॅप्टन बदला, नाहीतर आम्ही पुढची वर्गणी देत नाहीत. कॅप्टन त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त.

दादा, चार मॅच म्हणजे चार टॉस. बरोबरीच्या टीमनं सलग चार हरायची शक्यता सोळात एक, तालुक्यात तुमच्यासारख्या कितीतरी टीम आहेत. निकाल बाजूला ठेवा आणि पोरांना एकत्र बसवून दोन गोष्टी विचारा. उद्या कॅप्टन बदलला, तर मैदानात नेमकं काय वेगळं होईल? शेवटची ओव्हर कोण टाकेल, ओपनिंगला कोण जाईल, कोणाला बसवाल? याचं कोणी सरळ उत्तर दिलं, तर त्यात दम आहे, ते ऐका. कदाचित कॅप्टन न बदलताच तेवढी गोष्ट करता येईल. आणि दुसरं, कॅप्टन स्वतः मॅच सोडून कोणाला वरचेवर बोलतो का, कोणाला बॅटिंगच देत नाही का, वर्गणीचा हिशोब दाखवतो का. तिथं गडबड असेल तर चारच्या चार जिंकल्या असत्या तरी बदलायला पाहिजे होता. यातलं काहीच नसेल, तर पाचवी टूर्नामेंट त्याच्याच हातात खेळा, आणि काय झालं ते मला कळवा.