कर्करोगाच्या उपचारानंतर दुखणे अंगावर काढू नका

कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले की रोग्याची व घरच्यांची एकच इच्छा असते : तो विषय पुन्हा निघू नये. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. परंतु उपचार थांबले म्हणजे त्यांचे शरीरावरील परिणामही थांबले, असे होत नाही.

ही गोष्ट मला बँकेच्या काऊंटरवर कळली. एक भगिनी पैसे काढण्यास आल्या होत्या. त्यांची सही नमुन्याशी जुळेना. मी दोनदा सही करावयास लावली, तिसऱ्या वेळी आवाजही चढवला. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "भाऊ, बोटांना पेनच कळत नाही." स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी संपून त्यांना चार महिने झाले होते. बोटे बधिर झाल्याचे त्यांनी ना घरी सांगितले होते, ना डॉक्टरांना. "आधीच एवढा खर्च झाला, आता आणखी काय सांगायचं?" हे त्यांचे शब्द मला आजही टोचतात.

पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन, सिस्प्लॅटिन यांसारख्या औषधांनी हातापायांच्या टोकांकडील नसांना इजा होऊ शकते. मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, गुंडी लावता येत नाही. पुष्कळांना काही महिन्यांत आराम पडतो, काहींना पडत नाही. तव्याचा चटका किंवा पायात रुतलेला काटा समजत नाही, म्हणून जपावे लागते. पण डॉक्टरांना कळले तरच ते उपाय सुचवतील.

अशी आणखी उदाहरणे आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुजू शकतो. आपल्या विंचूर-लासलगाव परिसरात भगिनी द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याच्या काढणीला जातात. त्या हाताला कात्री वा तार लागली तर जखम चिघळू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तंबाखू व मिशरीमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. तोंडाला वीजकिरण दिल्यावर लाळ आटते, दात लवकर किडतात. दात काढावयाचा झाल्यास दंतवैद्याला किरणोपचारांची माहिती आधी द्यावी, नाहीतर जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो. मानेवर किरण दिले असतील तर काही वर्षांनी थायरॉईड मंदावू शकते. माणूस थकतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात, वास्तविक रक्ताच्या एका साध्या तपासणीने निदान होते. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा परिणाम हृदयावर उशिरा दिसू शकतो. चालताना दम लागू लागला तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयमुखावर किरण घेतलेल्या भगिनींना पुढे शौचातून रक्त गेल्यास मूळव्याध समजून घरगुती औषध करीत बसू नये.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९९१ मध्ये तेथे कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळे क्लिनिक निघाले. उपचार संपल्यानंतर त्यांची वाढ, हृदय, थायरॉईड यांवर लक्ष ठेवणे हा त्याचा उद्देश. रोग बरा करणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच बऱ्या झालेल्या माणसाकडे पाहत राहणेही महत्त्वाचे, हा विचार त्यामागे आहे.

नवे दुखणे दिसले की मनात दोन टोकाचे विचार येतात : "तो परत आला" किंवा "काही नाही, होईल बरे." दोन्ही अंदाजच. उत्तर तपासणीत मिळते. नवी गाठ, न थांबणारा खोकला, रात्री वाढणारे हाडाचे दुखणे किंवा कारणाशिवाय घटणारे वजन दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर नेमून दिलेल्या तारखेची वाट पाहू नये. पाठ दुखून पायातील शक्ती जाणे, लघवी अडणे, अचानक धाप लागणे, यांत एक दिवसही दवडू नये.

आपण पासबुक जपतो, तशी उपचारांची फाईल जपावी. कोणते औषध, किती वेळा, किरण कोठे दिले, हे तिच्यात असते आणि गावातील डॉक्टरलाही ती उपयोगी पडते. सोबत एक वही ठेवावी : तारीख, काय झाले, किती वेळ टिकले, कशाने वाढले. आपल्या अनेक आयाबहिणींना लिहिता येत नाही. ते काम घरातील विद्यार्थ्यांनी करावे. रोज पाच मिनिटे बसून आजीला, आईला विचारावे आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तपासणीला जाताना ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

त्या भगिनींची नवी नमुना सही आम्ही घेतली. त्यानंतर त्यांनी डॉक्टरांना बोटांविषयी सांगितले व औषध सुरू झाले. काऊंटरवर सही जुळली असती तर ते किती दिवस राहून गेले असते, कोण जाणे! आपल्या घरात कोणी असे गप्प बसले नाही ना, हे आज संध्याकाळी विचारून पाहावे, एवढीच नम्र विनंती.