गोळीचा गुण उशिरा का येतो?

राणीसावरगावातून कुणी नैराश्यासाठी गंगाखेडला किंवा परभणीला डॉक्टरांकडे गेलं, तर गोळीबरोबर एक ताकीदही मिळते: गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. तापाच्या गोळीने तासाभरात घाम फुटलेला पाहणाऱ्यांना हे पटत नाही. आठ दिवसांत फरक दिसेना, की पाकीट फडताळात जातं. गंमत म्हणजे ही गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर पहिल्याच दिवसापासून काम करू लागते. मग मन सावरायला महिना का लागावा?

याचं एक उत्तर नव्या चेतापेशींमध्ये असू शकतं. मोठ्या वयात मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, असं विसाव्या शतकात बराच काळ शिकवलं जाई. १९६५ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचलं. दुभंगण्याआधी पेशी नवा डीएनए बनवते, तेव्हा हा रेणू त्यात जाऊन बसतो. अशी खूण लागलेल्या पेशी त्यांना हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती आणि भावनांशी निगडित भागात दिसल्या. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. पुढे १९९२ साली कॅनडात रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांतून चेतापेशी निपजवल्या, तेव्हा कुठे शंका विरळ झाली.

ज्या पेशी दुभंगून नव्या चेतापेशी होतात, त्या पूर्वपेशी हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या वळणाच्या आतल्या कडेला, जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीच्या पट्टीत राहतात. आता थायमिडीनऐवजी बहुधा ब्रोमोडिऑक्सियुरिडीन वापरतात. मेंदूचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की फिकट पेशींच्या दाट रांगेखाली काळपट ठिपके दिसतात. पुष्कळदा ते दोन-तीनच्या पुंजक्याने असतात, कारण नुकत्याच दुभंगलेल्या बहिणी अजून एकमेकींना चिकटून असतात. संशोधक हे ठिपके कापामागून काप बसून मोजतात. इतकं चिकाटीचं काम फारसं कुणाच्या नजरेस पडत नाही, याची मला खंत वाटते.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा याच पट्टीवर काम करत आली आहे. येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली. त्याच ड्युमन यांच्या गटाने २००० साली दाखवलं, की औषध दोन आठवडे वा अधिक दिल्यावर उंदरांत नव्या पेशी वाढतात, एक-दोन दिवस देऊन वाढत नाहीत. शिवाय जन्मलेली पेशी लगेच कामाची नसते. कापसाची उगवण आठवड्यात दिसली तरी बोंडाला महिने लागतात. तसंच उंदराच्या नव्या चेतापेशीलाही फांद्या फुटून जाळ्यात सामील व्हायला तीन-चार आठवडे जातात.

हा काळ आखडता येईल का? २००२ साली वैद्य यांच्या गटाला आढळलं, की मेंदूतलं नॉरॲड्रेनालिन हे रसायन कमी केलं की पूर्वपेशींचं दुभंगणं मंदावतं. मग त्या पेशींवरच नॉरॲड्रेनालिनचे अल्फा-२ ग्राहक सापडले. ते चेतवले की पेशींची वाढ दबते. २०१० साली या गटाने इमिप्रामिन या नैराश्याच्या औषधासोबत हे ग्राहक अडवणारं योहिम्बाइन दिलं, तेव्हा नव्या पेशी आणि उंदरांच्या वागण्यातला फरक, दोन्ही लवकर दिसले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तो रुग्णाच्या वाट पाहण्यालाच हात घालतो. मात्र योहिम्बाइनने माणसाची घबराट वाढू शकते, म्हणून ते स्वतःहून कुणी घेऊ नये. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्यावी; जवळ विचारायला कुणी नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस सेवा मराठीतही मिळते.

नव्या पेशी हेच एकमेव उत्तर नाही. २००३ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर क्ष-किरण सोडून नव्या पेशींची निर्मिती थांबवल्यावर औषधाचा परिणाम ओसरला होता, पण पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तसं घडलं नाही. माणसाबद्दल तर वादच झाला. २०१८ साली एका गटाला प्रौढ मेंदूत नव्या पेशी जवळपास आढळल्याच नाहीत, दुसऱ्याला म्हातारपणीही आढळल्या. २०२५ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी प्रौढ माणसांत दुभंगणाऱ्या पूर्वपेशी दाखवल्या. काहींच्या मेंदूत त्या भरपूर होत्या, काहींच्या जवळजवळ नव्हत्याच. हा फरक कशामुळे, हे आता शोधायचं आहे.