दुसरी वेलांटी

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या रेवदंड्याच्या घरात फोन वाजतो. तिकडे तोक्योत तेव्हा साडेअकरा झालेले असतात. लेक, जावई आणि पाच वर्षांचा नातू एदोगावा भागात राहतात. निशिकासाई स्टेशनच्या आसपास भारतीय कुटुंबे इतकी आहेत की डाळ-तांदळाची ददात नाही. पण नातू दिवसभर जपानी बालवाडीत असतो आणि त्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो जपानी. गेल्या वर्षी मे महिन्यात तो गॅलरीतून ओरडला, "आजोबा, शाबोनदामा! शाबोनदामा!" लेक आत स्वयंपाकघरात होती. मी सवयीने म्हणालो, "हो का? छान, छान!" तो क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला आणि निघून गेला. नंतर लेक हसत म्हणाली, "बाबा, तो म्हणतो, आजोबांना कळत नाही तरी ते छान म्हणतात."

ती हसली, पण मला ते लागले. उभी हयात बँकेत गेली. न वाचता सही करणे हा तिथला मोठा गुन्हा. तोच मी दर रविवारी नातवाच्या बाबतीत करत होतो. त्याच संध्याकाळी मी जाहीर केले, जपानी शिकायचे. आमची सौ. म्हणाली, "त्याला मराठी शिकवा की! पासष्टीला हे काय नवीन?" तिचे चुकत नव्हते. पण दोन पावले त्याने यायचे तर दोन आपणही जावे, एवढेच माझे म्हणणे होते.

शिकायचे कुठे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. जपानी शिकणाऱ्यांचे ते जुने ठाणेच. पण रेवदंड्याहून रोज पुणे कोण गाठणार? तेव्हा घरीच, आपले आपण. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात, म्हणून मेअखेरीस मांडव्याहून निघालो आणि फोर्टातून दोन पुस्तके घेऊन परतलो. एक प्रवाशांसाठीचे, इंग्रजीत, सारे जपानी शब्द रोमन लिपीत. दुसरे 'मिन्ना नो निहोंगो', म्हणजे 'सर्वांची जपानी'. वर्गांतून सर्रास वापरले जाणारे हे पुस्तक पहिल्या पानापासून जपानीतच आहे. भाषांतर आणि व्याकरण वेगळ्या भागात. ते उघडले आणि पुन्हा बिगरीत बसल्यासारखे वाटले. साहजिकच मी सोप्या पुस्तकाच्या आधाराला गेलो.

तीन आठवड्यांनी रविवारी ताठ बसून वाक्य टाकले, "वाताशि वा ओजिसान देस." मी आजोबा आहे. नातू खदखदून हसला. "ओजिसान नाही, ओजीsssसान!" जपानीत ओजिसान म्हणजे काका आणि ओजीसान म्हणजे आजोबा. ओबासान म्हणजे मावशी-आत्या, तर ओबाsसान म्हणजे आजी. माझ्या रोमन पुस्तकाने ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही एकाच अक्षरांत उरकले होते. एका वेलांटीपायी मी नातवाचा काका झालो होतो!

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. इंग्रजीच्या खिडकीतून जपानीकडे पाहायचे कारणच काय? मी वही घेतली आणि जपानी शब्द देवनागरीत लिहू लागलो. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी जिथल्या तिथे बसली. 'किते' म्हणजे ये आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. आपले जोडाक्षर हा फरक चोख दाखवते. जपानी त आपल्या तव्यातला, इंग्रजी टेबलातला नव्हे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या पुस्तकाचे नाव मराठीत 'तोत्तोचान' असे आले, तेच बरोबर. त्सुनामीतल्या ज्या 'त्सु'पाशी इंग्रज अडखळतो, तो तर आपल्या चुलीतला चु!

नंतर अक्षरांचा तक्ता नीट पाहिला. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 अक्षरे. क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपलीच वर्णमाला! च-वर्गाच्या जागी स, प-वर्गाच्या जागी ह, कारण हा ह प्राचीन जपानीत प होता. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपीतून संस्कृत वर्ण शिकत. कूकाई हा भिक्षू 804 मध्ये चीनला गेला आणि 806 मध्ये ती विद्या घेऊन परतला. त्या अभ्यासातूनच पुढे जपानी अक्षरे या ओळीने लावली गेली. क ख ग घ म्हणत वाढलेल्या माणसाचा पहिला धडा असा आधीच अर्धा झालेला असतो.

वाक्याचेही तेच. "मांडव्याहून मुंबईपर्यंत बोटीने गेलो" हे जपानीत "मांडवा कारा मुंबई मादे फुने दे इकिमाश्ता." कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, फुने म्हणजे बोट, दे म्हणजे ने, क्रियापद शेवटी आणि 'मी' गाळला तरी चालतो. शब्दाखाली शब्द ठेवत जावे. इंग्रजीतून गेलो तर हेच वाक्य आधी उलटे करायचे आणि मग पुन्हा सुलटे. पावसाळ्यात तर मजाच झाली. आपली रिमझिम त्यांच्याकडे 'शितोशितो' आणि धो धो पाऊस 'झाझा', यातला झ झाडातला. पागोळ्यांकडे बघत मी ते शब्द पाठ केले.

एवढ्याने भाषा आली असे मात्र कोणी समजू नये. देवनागरीची वही ही पांगुळगाड्यासारखी, महिन्या-दीड महिन्यात सोडायची. हिरागाना रोज पाच अक्षरे हाताने गिरवून शिकावी. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचे नाही हा बँकेतला नियम मी इथे लावला: कालची पाच आठवल्याशिवाय आजची घ्यायची नाहीत. मग 'मिन्ना नो निहोंगो' पुन्हा उघडावे; पहिल्या भागात 25 धडे आहेत. कानांसाठी जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही रोजच्या व्यवहाराची पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून ध्वनिफितींसह फुकट उतरवून घेता येतात. एनएचके या प्रसारण संस्थेने हिंदीतूनही धडे तयार केले होते. चिनी वळणाची कांजी अक्षरे हा खरा डोंगर. सरकारी यादीत ती 2136 आहेत. मी अजून शंभराच्या आत आहे. जेएलपीटी ही परीक्षा पुण्यातही होते आणि तिची पहिली पायरी एन-5. पण तिच्यात बोलण्याची चाचणी नसते. एकट्याने शिकणाऱ्याची उणीव नेमकी तिथेच असते, चूक दाखवायला समोर कोणी नसते. आठवड्यातून एकदा का होईना, आपल्यावर हसणारे कोणी हवे. मला ते पाच वर्षांचे मिळाले.

आमच्याकडून साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे शेवटी. पोर्तुगीज रेवदंड्यात 1740 पर्यंत होते. जपानच्या किनाऱ्याला ते 1543 मध्ये लागले. जपानीत पावाला 'पान' म्हणतात हे वाचले, तेव्हा मनात आले की आपला पाव आणि त्यांचा पान एकाच जहाजातून उतरले. तंबाखू त्यांच्याकडे 'ताबाको' झाली. पान उलटले तर पुढचा शब्द होता 'शाबोन': पोर्तुगीज 'साबांव', म्हणजे साबण! 'तामा' म्हणजे गोळा, जोडशब्दात त्याचा 'दामा' होतो. शाबोनदामा म्हणजे साबणाचे फुगे. मे महिन्यातल्या त्या रविवारी पोरगा मला आपले फुगे दाखवत होता आणि हा शब्द माझ्याच न्हाणीघरात पडलेला होता.

पुढच्या रविवारी मी साबणाचे पाणी आणि पपईच्या देठाची नळी घेऊन अंगणात बसलो. फोन समोर ठेवला, फुंकर घातली आणि म्हणालो, "शाबोनदामा!" तो पडद्याला नाक लावून पाहत होता. मग मी वाटीतला साबण वर धरून सांगितले, "शाबोन म्हणजे साबण."

"साबण," तो म्हणाला. थोडा थांबला. "साबणदामा! ओजीसान, अजून एक."

या वेळी वेलांटी दोघांचीही बरोबर होती.